मुनवा आणि ऊन

पहिला दिवस, सोमवार. इस्तंबूल

आम्ही उतरलो त्याच्या आदल्याच दिवशी इथल्या ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळींचा ईस्टर झाला होता. आमचा वसईतला त्याच्या एक आठवडा आधी. ज्या गावाच्या ओढीने मी आणि माझी धाकटी बहीण एवढ्या लांब आलो, त्या नायसियात (तुर्कस्तानातलं आजचं इझनिक) 325 साली सगळ्या चर्चच्या बिशपांच्या पहिल्या महापरिषदेने ठरवलं होतं की पुनरुत्थानाचा सण सगळ्या ख्रिस्ती जगाने एकाच रविवारी करायचा. पुढे पंचांगं वेगळी झाली आणि सण पुन्हा वेगळे पडले. गेल्या वर्षी, 2025 ला, दोन्हीकडचा ईस्टर 20 एप्रिलला एकत्र आला होता. यंदा परत फारकत.

आम्हाला मात्र ओढ होती त्या परिषदेच्या दुसऱ्या कामाची, विश्वासांगीकाराची, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीची. रविवारी मिस्सेत प्रवचन संपलं की सगळं देऊळ उभं राहतं (वसईत आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) आणि विश्वासांगीकार म्हणतं. येशू ख्रिस्त कोण, हे त्यात एका दमात येतं: देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश, खऱ्या देवापासून खरा देव, घडवलेला नव्हे तर जन्मलेला, पित्याशी एकाच तत्त्वाचा. लहानपणापासून हे शब्द इतके तोंडात बसले आहेत की म्हणताना जीभ अडखळत नाही, आणि डोकंही थांबत नाही.

दहा-अकरा वर्षांची असताना मात्र एकदा डोकं थांबलं होतं. "घडवलेला नाही, जन्मलेला, म्हणजे काय वेगळं?" असं मी बाबांना विचारलं. बाबांची केळीची वाडी होती. ते मला तसेच वाडीत घेऊन गेले. एका केळीच्या बुडाशी हातभर उंचीचा मुनवा फुटला होता. त्यांनी पहारीने माती मोकळी केली, कोयत्याने मुनवा कंदापासून तोडला आणि दोन्ही कापलेल्या बाजू माझ्यासमोर धरल्या. पांढरट, ओल्या, मधे बारीक ठिपके, आणि दोन्हींतून तोच पातळ चीक गळत होता. "ती टोपली बघ," बाबा म्हणाले, "ती मी विणली. मी माणूस, ती बांबू. हा मुनवा केळीने विणला नाही. तो तिच्यातून आला. म्हणून तोही केळच." त्या चिकाचा डाग माझ्या फ्रॉकवरून कधीच गेला नाही, आणि ते उत्तर मला पुढची चाळीस वर्षं पुरलं.

दुपारी तोपकापी राजवाड्याच्या पहिल्या अंगणातल्या आया इरिनीत गेलो. उघड्या विटांची, जवळजवळ रिकामी वास्तू. भिंतींवर चित्रं नाहीत, मूर्ती नाहीत. फक्त वेदीमागच्या अर्धगोल घुमटात सोनेरी पार्श्वभूमीवर काळ्या रेषेचा एक मोठा क्रूस. 381 ची दुसरी महापरिषद या जागेवरच्या जुन्या चर्चमध्ये भरली असं मानलं जातं. ते चर्च 532 च्या दंगलीत जळलं, सम्राट जस्टिनियनने नवं बांधलं, 740 च्या भूकंपात तेही मोडलं आणि दुरुस्त झालं. क्रूस त्या दुरुस्तीच्या काळातला, म्हणजे पूजेतल्या चित्रांना बंदी होती तेव्हाचा. क्रुसाखाली बिशपांनी बसायच्या दगडी पायऱ्या अजून आहेत, नाट्यगृहातल्यासारख्या, एकावर एक.

त्या पायऱ्यांसमोर उभं राहून मी बहिणीला न्यासाच्या ग्रेगरीचा एक उतारा सांगितला. हा बिशप 381 च्या सुमाराला याच शहरात प्रवचन करत होता. तो म्हणतो, या शहरात पैशांची मोड मागायला जा, समोरचा 'जन्मलेला आणि अजन्मा' यावर बोलू लागतो. पावाचा भाव विचारा, उत्तर येतं की पिता थोर आणि पुत्र त्याच्या हाताखालचा. स्नानगृहात पाणी तापलंय का विचारा, तर सेवक सांगतो की पुत्र शून्यातून निर्माण झाला. ग्रेगरीला त्याचा वैताग आला होता. मला तो उतारा वाचताना दरवेळी आनंद होतो. पाववाला, सराफ, न्हाणीतला गडी, या सगळ्यांना येशू कोण हे ठरवल्याशिवाय चैन पडत नव्हतं. हा वाद फक्त विद्वानांचा असता तर त्यासाठी मी वसईहून इथवर आले नसते.

बाहेर पडलो तर भिंतीपलीकडे अर्गुवानची झाडं फुलली होती, पान नसलेली, नुसती जांभळी.

दुसरा दिवस, मंगळवार. यालोवामार्गे इझनिक

सकाळी येनीकापीच्या धक्क्यावरून जलद फेरीबोटीने मार्मारा समुद्र ओलांडून यालोवा, तिथून छोट्या बसने ओरहानगाझी आणि पुढे तळ्याच्या कडेकडेने इझनिक. दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या बागा. इझनिक हेच जुनं नायसिया.

बसमध्ये बहिणीने विचारलं, "ताई, पण वाद सुरू कुठे झाला?"

सुरू झाला इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियात, साधारण 318 च्या आसपास. एरियस नावाचे एक वयस्क धर्मगुरू होते, मूळचे लिबियाचे. त्यांचं म्हणणं असं: देव एकच, अनादी, अजन्मा. पुत्र जर पित्यापासून जन्मला, तर जन्मण्यापूर्वी तो नव्हता. म्हणजे तोही निर्मितीतलाच. सगळ्या निर्मितीत पहिला, सगळ्यांत श्रेष्ठ, त्याच्याच हातून बाकीचं जग झालं, तरीही निर्मितच. "असा एक तेव्हा होता, जेव्हा तो नव्हता," हे त्यांचं घोषवाक्य. त्यांनी हे गाण्यांत बांधलं. खलाशांसाठी, जात्यावरच्या लोकांसाठी, वाटसरूंसाठी त्यांनी गाणी रचल्याची नोंद त्यांच्याच बाजूच्या एका इतिहासकाराने केली आहे. जात्यावरच्या ओव्यांतून आलेलं तत्त्वज्ञान किती खोल उतरतं हे मराठी माणसाला सांगायला नको.

एरियसला खलनायक करायची आपल्याकडे सवय आहे. मला ते पटत नाही. त्या माणसाला देवाचं एकत्व जपायचं होतं. देव दुभंगू नये, देवाचे तुकडे पडू नयेत, ही त्यांची काळजी खरी होती, आणि शास्त्रवचनंही त्यांच्या हाताशी होती. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" हे योहानाच्या शुभवर्तमानात खुद्द येशूच म्हणतात.

अलेक्झांड्रियाचे बिशप अलेक्झांडर यांनी एरियसला बहिष्कृत केलं. तोवर वाद शेजारच्या प्रांतांत पसरला होता. 324 साली कॉन्स्टंटाइन पूर्वेकडचाही सम्राट झाला. त्याने दोघांनाही पत्र पाठवलं, कोर्दोबाचे बिशप होसियस यांच्या हाती. मजकूर असा, की एवढ्याशा क्षुल्लक प्रश्नावरून भांडू नका. पत्राने काही झालं नाही. मग त्याने बिशपांना बोलावलं. आधी ठिकाण ठरलं होतं अंकिरा, म्हणजे आजचं अंकारा. नंतर बदलून नायसिया केलं. इटली-युरोपकडून येणाऱ्यांना सोयीचं, हवा चांगली, आणि त्याला स्वतःला हजर राहता येईल म्हणून.

हवा खरोखरच चांगली आहे. बसमधून उतरल्याबरोबर ओल्या मातीचा आणि चुलीतल्या लाकडाचा वास आला. गावाभोवती सुमारे पाच किलोमीटरचा रोमन-बायझंटाइन तट आहे. आम्ही पूर्वेच्या लेफके दरवाजातून बाहेर जाऊन परत आत आलो. तटात जुन्या थडग्यांचे, खांबांचे दगड जसे मिळाले तसे बसवले आहेत. एका ठिकाणी कोरीव अक्षरांचा दगड उलटा लावला होता.

गावाच्या मधोमध आयासोफ्या आहे, आता मशीद. जमीन रस्त्याच्या पातळीच्या बरीच खाली. पुष्कळ प्रवासी इथे येऊन 325 ची परिषद इथेच झाली असं समजतात. इथे झाली ती 787 ची सातवी महापरिषद, चित्रांच्या पूजेबद्दलची. पहिली परिषद सम्राटाच्या राजवाड्यात भरली होती आणि तो राजवाडा आज कुठे दिसत नाही. आम्ही चपला काढून आत गेलो, दोन म्हातारे नमाज पढत होते, मागे शांत बसलो.

तिसरा दिवस, बुधवार. तळ्याकाठी

पहाटे पाच-साडेपाचला उठून एकटीच तळ्यावर गेले. बहीण झोपली होती. तळं गावाच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य पाठीमागून, गाव आणि टेकड्या यांच्या आडून उगवतो.

काठापासून काही अंतरावर 2014 साली हवाई छायाचित्रांत पाण्याखाली एक बॅसिलिका दिसली. सगळ्या जगाला नवल वाटलं, गावातल्या कोळ्यांना पाण्याखाली दगड आहेत हे माहीतच होतं. अलीकडे दुष्काळाने तळं आटत गेलं आणि भिंतींच्या रेषा उघड्या पडल्या. संत निओफितोस या हुतात्म्याच्या नावाची ही बॅसिलिका चौथ्या शतकाच्या शेवटाची मानतात, म्हणजे परिषदेनंतरची, आणि 740 च्याच भूकंपात ती कोसळली असावी. 28 नोव्हेंबर 2025 ला, परिषदेच्या 1700 व्या वर्षानिमित्त, पोप लिओ चौदावे आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क (प्रमुख बिशप) बार्थोलोम्यू यांनी इथेच एकत्र प्रार्थना केली. वसईत आम्ही ती टीव्हीवर पाहिली, आणि तेव्हाच यायचं ठरलं.

मी कडेच्या दगडावर बसले. डोळ्यांसमोर परिषद आणायचा प्रयत्न केला. आले किती, याचे आकडे वेगवेगळे आहेत. तिथे हजर असलेले कैसरियाचे युसेबियस अडीचशेहून जास्त म्हणतात, पुढे अलेक्झांड्रियाचे बिशप झालेले अथनेशियस तीनशेच्या आसपास. पुढे 318 हा आकडा रूढ झाला. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाचे लढवय्ये चाकर 318 होते. शिवाय ग्रीक अंकलेखनात 300 म्हणजे टाऊ हे क्रुसासारखं अक्षर, आणि 18 म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं. मोजदाद कमी आणि भक्ती जास्त असा तो आकडा आहे, तरी मला प्रिय आहे. रोमचे बिशप सिल्व्हेस्टर आले नाहीत, त्यांनी दोन धर्मगुरू पाठवले. पाचव्या शतकातल्या गेलासियस नावाच्या लेखकाच्या यादीत तर 'पर्शिया आणि महान भारत' इथल्या योहानाचं नाव आहे. यादी नंतरची, त्यामुळे तिच्यावर भार टाकता येत नाही. तरीही त्या काठावर भारताचं नाव आठवलं आणि छाती भरून आली.

आलेल्यांपैकी कित्येकांची शरीरं मोडलेली होती. आधीच्या छळांत इजिप्तच्या पाफ्नुशियस यांचा एक डोळा काढला होता, निओकैसरियाच्या पॉल यांचे हात तापल्या लोखंडाने जाळले होते. त्याच साम्राज्याचा सम्राट आता जांभळ्या वस्त्रांत, सोन्या-रत्नांनी लखलखत सभेत आला आणि बिशपांनी खूण करेपर्यंत बसला नाही. सम्राटाच्या राज्याच्या विसाव्या वर्षाची मेजवानी झाली तेव्हा बिशप नागव्या तलवारी धरलेल्या शिपायांच्या रांगांमधून चालत आत गेले. युसेबियस हे सांगतात तेव्हा त्यांना ते देवाच्या राज्याचं चित्र वाटतं. मला मात्र तलवार पाहून पाफ्नुशियस यांच्या उरलेल्या एका डोळ्याला काय आठवलं असेल, हेच मनात येतं.

आणि मग तो शब्द. होमोऊसिओस, एकाच तत्त्वाचा. अथनेशियस तेव्हा अलेक्झांडर यांच्याबरोबर आलेले तरुण उपधर्मगुरू होते. ते पुढे लिहितात, की आधी बायबलमधलेच शब्द वापरायचं ठरत होतं. 'देवापासून' म्हणा, तर एरियसच्या बाजूचे एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावत, कुजबुजत, की चालेल, सगळंच देवापासून आहे. 'देवाचं सामर्थ्य' म्हणा, तर टोळांनाही देवाचं सामर्थ्य म्हटलंच आहे. प्रत्येक शब्दातून वाट निघत होती. शेवटी बायबलमध्ये नसलेला शब्द घ्यावा लागला, ज्यातून वाट निघत नाही असा. पुष्कळांना तो खटकला. अंत्युखियाच्या एका सभेत 268 साली हाच शब्द दुसऱ्या अर्थाने त्याज्य ठरला होता. तरी सही झाली. थेओनास आणि सेकुंदुस या दोघांनीच नकार दिला, ते एरियसबरोबर हद्दपार झाले. काही महिन्यांत खुद्द नायसियाचे बिशप थिओग्निस यांनाही हद्दपारी भोगावी लागली. ज्यांच्या गावात हे सगळं झालं, त्यांनाच गाव सोडावं लागलं.

इथपर्यंत मनात घोळवत असताना बाबांचा मुनवा आठवला आणि मी एकदम दचकले. इतकी वर्षं ज्या उत्तरावर मी उभी होते ते एरियसचं उत्तर होतं! मुनवा केळच, खरं. पण केळ आधी, मुनवा नंतर. मुनवा फुटायच्या आधीचा पावसाळा केळीने मुनव्याशिवाय काढलेला असतो. असा एक तेव्हा होता, जेव्हा मुनवा नव्हता. बाबांनी 'घडवलेला नव्हे' हे पक्कं समजावलं होतं, आणि मी त्याच दाखल्यावर विसंबून 'जन्मलेला' या शब्दामागे दडलेला काळ कधी पाहिलाच नव्हता. एवढ्या लांब येऊन बाबांचा हात सुटल्यासारखं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात पलीकडच्या डोंगरावर ऊन पडलं. सूर्य माझ्या पाठीमागे होता, टेकडीआड, अजून दिसत नव्हता. गावावर सावली, माझ्यावर सावली, बॅसिलिकेच्या दगडांवर सावली. पण समोर, तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगराचा माथा पिवळा झाला होता आणि ते ऊन हळूहळू उतरत पाण्याकडे येत होतं. सूर्य दिसण्याआधी त्याचं ऊन दिसत होतं. आणि असा कुठला क्षण काढून दाखवता येईल, की सूर्य होता आणि ऊन नव्हतं? सूर्य आधी आणि ऊन नंतर, असं कुठलंच 'तेव्हा' नाही. ऊन सूर्याने विणलेलं नाही, ते त्याच्यातून येतं, त्याच्याच तत्त्वाचं आहे, आणि तरी त्याच्या वयाहून एक पळही लहान नाही. अथनेशियस पुन्हा पुन्हा हाच दाखला देतात, प्रकाश आणि त्याचं तेज. इब्री लोकांस पत्रातही पुत्राला देवाच्या गौरवाचं तेज म्हटलं आहे. मी हे वाचलेलं होतं. पण 'घडवलेला नव्हे तर जन्मलेला' याच्या आधी त्या माणसांनी 'प्रकाशापासून प्रकाश' का घातलं, हे मला त्या दगडावर बसून कळलं. मुनव्याचा दाखला जिथे तुटतो तिथे उन्हाचा सुरू होतो. दोन्ही लागतात. नुसतं ऊन म्हटलं तर पुत्र केवळ एक झोत होऊन बसेल, त्याला नाव नाही, चेहरा नाही, त्याच्याशी बोलता येणार नाही.

बहीण आली तोवर ऊन माझ्या पायांपर्यंत पोचलं होतं. तिला सांगितलं. ती परिचारिका आहे, सरळ बोलते. "ताई, पण फरक काय पडतो? सर्वांत श्रेष्ठ निर्मिती म्हटलं, तरी प्रभूच ना तो?"

हाच प्रश्न कॉन्स्टंटाइनचा होता. अथनेशियस यांचं उत्तर मला अजून हलवतं: जो स्वतः निर्मित आहे तो निर्मितांना देवाशी जोडू शकत नाही. क्रुसावर देव स्वतः आला होता, की देव वरच राहिला आणि त्याने दुसऱ्या कुणाला तरी मरायला पाठवलं? मी बहिणीला म्हटलं, "तुझ्या वॉर्डात एखादा माणूस शेवटच्या घटकेला प्रभूचं नाव घेतो. तो कोणाचा हात धरतो? देवाचा, की देवाच्या माणसाचा?" ती गप्प राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "देवाचाच धरत असणार."

परिषदेने वाद संपला नाही, हेही सांगायला हवं. एरियसला परत बोलावलं गेलं. 336 साली कॉन्स्टंटिनोपलमध्ये त्यांचा अचानक अंत झाला. विरोधकांनी त्यांचा मृत्यू ज्या चवीने रंगवला आहे तो मला वाचवत नाही. पुढच्याच वर्षी कॉन्स्टंटाइनने मरणापूर्वी बाप्तिस्मा घेतला तो निकोमीडियाच्या युसेबियस यांच्या हातून, एरियसच्या जुन्या पाठिराख्याकडून. अथनेशियस बिशप झाले आणि पाच वेळा हद्दपार झाले, मिळून सतरा वर्षं. 359 साली तर अशी वेळ आली, की संत जेरोमने पुढे लिहिलं, सगळं जग कण्हलं आणि आपण एरियसचे झालो हे पाहून चकित झालं. नायसियाचा शब्द टिकला तो 381 नंतर. मधली छप्पन्न वर्षं तो शब्द उच्चारणाऱ्यांनी किंमत मोजली आहे.

चौथा दिवस, गुरुवार

प्रवासातच गेला. यालोवाला एक गाडी डोळ्यांदेखत सुटली, मग इस्तंबूल, मग रात्रीचं विमान, इझमिर. डोकं दुखत होतं. लिहिण्यासारखं काही नाही.

पाचवा दिवस, शुक्रवार. एफेसस

बास्माने स्थानकावरून आगगाडीने सेल्चुक, तिथून एफेससचे अवशेष. गर्दी सगळी सेल्ससच्या ग्रंथालयाशी आणि मोठ्या नाट्यगृहात. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, इथली देवी अर्तमी हिच्या रुप्याच्या देव्हाऱ्यांचा धंदा बुडतोय म्हणून देमेत्रियस सोनाराने लोकांना चिथवलं आणि "इफिसकरांची अर्तमी थोर!" असं लोक दोन तास ओरडत राहिले, ते हेच नाट्यगृह. आम्ही मात्र उलट्या दिशेने, बंदराच्या बाजूला, मरियेच्या चर्चकडे गेलो. बंदर गाळाने कधीच भरलं, समुद्र आता काही किलोमीटर दूर आहे. चर्च लांबच लांब, छप्पर नाही, गवत गुडघाभर. आम्ही दोघी आणि एक मांजर.

431 साली इथे तिसरी महापरिषद झाली. आता प्रश्न पुढे सरकला होता. पुत्र देव आहे हे ठरलं. मग मरियेच्या पोटी जन्माला आला तो कोण? कॉन्स्टंटिनोपलचे बिशप नेस्टोरियस म्हणत, मरियेला 'ख्रिस्तमाता' म्हणा, 'देवमाता' नको. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला देव कसं म्हणू, असं ते म्हणाल्याची तक्रार त्यांच्याविरुद्ध मांडली गेली. अलेक्झांड्रियाचे सिरिल म्हणत, येशू आणि देवपुत्र असे दोघे नाहीत, एकच आहे. म्हणून जी त्याची आई ती देवाची आई.

सिरिल यांचं म्हणणं मला पटतं. त्यांची घाई पटत नाही. अंत्युखियाचे बिशप जॉन आणि त्यांच्या बरोबरचे वाटेत होते, त्यांची वाट न पाहता 22 जूनला सभा सुरू केली आणि त्याच दिवशी नेस्टोरियस यांना पदच्युत करून मोकळे झाले. संध्याकाळी गावातले लोक मशाली घेऊन बिशपांना मुक्कामापर्यंत पोचवायला आले, बायका पुढे धूप जाळत चालल्या, असं सिरिल स्वतः लिहितात. काही दिवसांनी जॉन पोचले आणि त्यांनी वेगळी सभा घेऊन सिरिल यांनाच पदच्युत केलं. नेस्टोरियस अखेर इजिप्तच्या वाळवंटात हद्दपारीत वारले. ज्यांच्यावर शिक्का मारला त्यांचं म्हणणं काय होतं, हे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत जगाला नीट कळलं ते त्यांच्या ग्रंथाचं सिरियाक भाषांतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सापडल्यावर.

या गवतात उभं राहून मला कल्याण आठवलं, ते उगाच नाही. सहाव्या शतकात कॉस्मास इंडिकोप्लेउस्टेस नावाचा व्यापारी लिहितो, की 'कल्लिआना' इथे ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियात दीक्षा घेऊन येतो. अनेक अभ्यासक कल्लिआना म्हणजे आपलं कल्याण मानतात. पर्शियातली ती मंडळी एफेससची परिषद न मानणारी, नेस्टोरियस यांची आठवण आदराने जपणारी. म्हणजे वसईला पोर्तुगीज येण्याच्या हजार वर्षं आधी आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला जे कुणी प्रभूचं नाव घेत होते, ते या जागी हरलेल्या बाजूचे होते. 1599 साली गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस केरळात उदयंपेरूरला गेले आणि तिथल्या थोमा ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनांतून नेस्टोरियस यांचं नाव काढायला लावलं, जुनी सिरियाक हस्तलिखितं जाळायला लावली. एफेससनंतर तब्बल 1168 वर्षांनी! मी पूर्ण कॅथोलिक आहे, देवमातेची माळ रोज जपते, आणि तरी त्या जळालेल्या पोथ्यांचं मला वाईट वाटतं. 11 नोव्हेंबर 1994 ला पोप जॉन पॉल दुसरे आणि पर्शियातल्या त्याच मंडळींच्या परंपरेतल्या असिरियन चर्चचे प्रमुख मार डिंखा यांनी एकत्र जाहीर केलं, की ख्रिस्ताविषयी आपली श्रद्धा एकच आहे. बाप्तिस्म्याच्या कुंडाशी थांबून आम्ही दोघींनी एक 'नमो मरिये' म्हटलं.

सहावा दिवस, शनिवार. कादिकोय

परत इस्तंबूल. एमिनोनूहून बोटीने आशियाच्या काठावर कादिकोयला, म्हणजे जुन्या कॅल्सिडनला. 451 साली इथल्या संत युफेमियाच्या चर्चमध्ये पाचशेहून जास्त बिशप जमले. ते चर्च आता नाही, बंदर, बाजार आणि आगगाडीचे रूळ यांच्याखाली सगळं गेलं.

त्याआधी दोन वर्षांपूर्वी, 449 साली, एफेससला पुन्हा एक सभा झाली होती. तिच्यात कॉन्स्टंटिनोपलचे बिशप फ्लेवियन यांना इतकी मारहाण झाली की ते पुढे लवकरच वारले. तेव्हाचे पोप, लिओ पहिले, यांनी त्या सभेला 'लुटारूंची सभा' म्हटलं. बिशपच बिशपांवर तुटून पडले, आणि तेही प्रभू कोण या प्रश्नावर. हे वाचून मान खाली जाते. कॅल्सिडनने तो डाग पुसायचा प्रयत्न केला: एकच ख्रिस्त, पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, दोन स्वभावांत. मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. चारही वेळा 'नाही'. काय आहे ते सांगायला गेलं की भाषा चुकते, म्हणून त्यांनी चहूबाजूंनी कुंपण घातलं आणि मधली जागा मोकळी ठेवली.

इजिप्तचे बिशप मात्र सही करायला तयार नव्हते. सही केली तर घरी लोक आम्हाला मारून टाकतील, असं म्हणत त्यांनी सभेपुढे गयावया केली. ते खोटं नव्हतं. सभेनंतर अलेक्झांड्रियात बसवलेल्या प्रोटेरियस या बिशपांचा 457 साली जमावाने जीव घेतला. तिथून चर्च दुभंगलं. कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन, इथिओपियन, आपल्या केरळातले मलंकारा ऑर्थोडॉक्स, हे सगळे कॅल्सिडन न मानणारे.

कादिकोयच्या मासळीबाजाराच्या गल्ल्यांत युफेमियाच्या नावाचं लहानसं ग्रीक चर्च आहे, सतराव्या शतकातलं. दार उघडं होतं. ईस्टरचा आठवडा अजून चालू होता, आत एका ताटात लाल अंडी उरली होती, मेणाचा वास दरवळत होता. युफेमियाची एक कथा आहे, की दोन्ही बाजूंची पत्रकं तिच्या शवपेटीत ठेवली आणि काही दिवसांनी उघडून पाहिलं, तर एक तिच्या हातात होतं आणि दुसरं पायांशी. तिथून बाहेर पडून फार चालावं लागलं नाही, समोर आर्मेनियन लोकांचं सुर्प तागावोर चर्च. ज्या परिषदेने त्यांना आणि ग्रीकांना वेगळं केलं, ती परिषद जिथे झाली त्याच गावात, एकाच बाजारात, हाकेच्या अंतरावर दोघांची देवळं. मधे बोंबील मिळाले नाहीत, पण बांगड्यासारखे मासे बर्फावर मांडले होते, कोळी भाव ओरडत होता.

आर्मेनियन चर्चच्या अंगणात एका आजींनी आम्हाला पाहून तुर्कीत काही विचारलं. मी "हिंदिस्तान" म्हटलं आणि गळ्यातला क्रूस दाखवला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आपल्या कपाळाला लावले.

सातवा दिवस, रविवार

रात्रीचं परतीचं विमान. सकाळी इस्तिकलाल रस्त्यावरच्या पादुआच्या संत अंतोनीच्या चर्चमध्ये इंग्रजी मिस्सेला गेलो. लाल विटांचं, उंच, भरलेलं. बाजूला फिलिपिनो बायका, मागे आफ्रिकन मुलगे. प्रवचन संपलं, सगळे उठले, विश्वासांगीकार सुरू झाला. मला तो इंग्रजीत म्हणता येतो, पण तोंड उघडलं आणि मराठीच बाहेर आलं, वसईच्या देवळातल्या चालीवर. बहिणीनेही मराठीच धरली. 'प्रकाशापासून प्रकाश' म्हणताना मी थोडी थांबले, तेवढ्यात बाकीचे पुढे निघून गेले. आमचं आमेन सगळ्यांच्या मागून आलं, आणि शेजारच्या बाईने आमच्यासाठी पुन्हा एकदा आमेन म्हटलं.